दातांतली पेन्सिल

फ्रीमाँट, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

शी! अजून डोकं तापलेलं आहे.

संधिवाताने बोटं आखडल्यापासून मी मोबाइल टेबलावर ठेवते आणि दातांत पेन्सिल धरून बटणं दाबते. हेही कॉम्प्युटरवर तसंच लिहितेय. संध्याकाळी पुण्याला शकूताईला फोन लावत होते. चार आकडे झाले तोच सूनबाई किंचाळल्या, "ई, आई! हायजीनचं काय? मी लावून देते ना!" फोन उचलून लिंबाच्या वासाच्या ओल्या कागदाने पुसला. दोनदा!

सकाळी नातू तोच फोन चघळत होता, तेव्हा हिनेच "सो क्यूट" म्हणून फोटो काढला. त्याची लाळ गोड आणि माझी घाण? कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी मला टेबल मॅनर्स शिकवले ते हे ऐकायला?

शिवाय तिने लावून दिला की स्पीकर चालू करून शेजारी उभी राहणार. बहिणीशी बोलायचं की तोंडी परीक्षा द्यायची?

"पुसून झाला असेल तर ठेव इथे," म्हटलं. पुन्हा पेन्सिल, पुन्हा पहिल्यापासून. तो लिंबाचा कागद हातात धरून ती बघत होती. मी मुद्दाम एकेक आकडा सावकाश दाबला. शेवटी वैतागून गेली.

शकूताईने नेहमीसारखं दबकत विचारलं, "कोणी लावून दिला गं?"

"मीच लावलाय. मोठ्याने बोल."