एकही ओळ कोरी नको

१ जून, सकाळी ७.१०
आजपासून रोज डायरी. एकही दिवस चुकवायचा नाही. कारण सरळ आहे. पाळीत फार दुखणाऱ्या चाळीस बायका आमच्या नव्या गोळीच्या अभ्यासात आल्या आहेत. त्या तीन महिने रोज एक गोळी घेणार आणि रात्री त्या महिन्याच्या कार्डावर दुखण्याचा आकडा लिहिणार. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. मी या अभ्यासाचा को-ऑर्डिनेटर. त्यांना शिस्त लावायची तर आधी स्वतःला लावली पाहिजे.

कार्डाचं डिझाइन माझं. डावीकडे छापील तारीख, उजवीकडे आकड्याचा चौकोन. एकतीस ओळी, फालतू जागा कुठेही नाही. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, छापायला देण्याआधी नीट तपास. तपासलं म्हणालो. तपासणारच होतो.

ऑक्टोबरात कॉन्फरन्स आहे. स्टेजवर मी. ब्लेझर आणला. बायको म्हणाली, बटण लागत नाहीये. ऑक्टोबरपर्यंत लागेल.

२ जून
बायकांना माहिती दिली. झकास झालं. सांगितलं, एकही ओळ कोरी नको, कोरं कार्ड परत मिळेल. पुढच्या रांगेत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, चक्कर आली तर कुठे लिहायचं. म्हटलं, फक्त आकडा. त्यांनी विचारलं, चक्करचा आकडा किती. सगळ्या हसल्या. वातावरण इतकं मोकळं ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

३, ४, ५, ६, ७ जून (८ ला लिहिलं)
सगळं ठीक. विशेष काही नाही. असावं.

११ जून, दुपारी
कार्डं तपासायचा पहिला दिवस. सिस्टर गेली बावीस वर्षं याच ओपीडीत आहेत. त्या म्हणाल्या, बायका घरी रोज लिहीत नाहीत, इथे येऊन दहा दिवसांचं एकदम भरतात. निराशावाद. मी बाकाला दोरीने तीन पेनं बांधून ठेवली. अर्ध्या तासात सगळी कार्डं भरली. कॉरिडॉरमध्ये नुसती लगबग. एक बाई शेजारणीला विचारत होती, तुझं मंगळवारचं किती. अभ्यासात अशी एकजूट मी कुठे वाचलेली नाही.

व्यायाम उद्यापासून.

१४ जून
बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. हाताशी आलेली संधी. विचारलं, शून्य ते दहा, किती. तिने आकडा सांगितला नाही, दरवाजा दाखवला.

२१ जून
एकोणचाळीस कार्डं आरशासारखी स्वच्छ. फक्त शिवणवाल्या बाईंचं कार्ड म्हणजे रद्दी. मध्ये ओळी कोऱ्या, कडेला पेन्सिलीने मुंगीएवढं काहीतरी खरडलेलं. मी खोडरबर घेतलं. सिस्टरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. बाईंना विचारलं, ओळी कोऱ्या का. म्हणाल्या, त्या दिवशी विसरले, आता आठवत नाही. म्हटलं, अंदाजे लिहा. म्हणाल्या, ब्लाऊज अंदाजे शिवला तर गिऱ्हाईक भांडायला परत येतं. संशोधन आणि ब्लाऊज यांतला फरक समजावला. ऐकून घेतलं त्यांनी. कार्ड मात्र तसंच ठेवून गेल्या.

३१ जून (सवडीने लिहिलं)
पहिला महिना संपला. ठरवलं ते केलं. शिस्त अंगात असावी लागते.

४ जुलै
पहिल्या महिन्याच्या बेरजा झाल्या. आलेख असा सुंदर उतरतो की पाहत राहावं. गोळी जबरदस्त आहे. भाषणाची सुरुवातही सुचली. शिवणवाल्या बाईंना हिशोबातून वगळावं असं उद्या मीटिंगमध्ये सुचवणार. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. छान वाटतं.

५ जुलै, संध्याकाळ
मीटिंग झाली.

मॅडम बराच वेळ कार्डांच्या शेवटच्या ओळी पाहत होत्या. मला वाटलं, भारावल्या. मग त्यांनी सिस्टरांना भिंतीवरचं कॅलेंडर काढायला सांगितलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, जूनचे दिवस मोज. मोजले. परत मोजले. तीस.

एकोणचाळीस बायकांना एकतीस जूनला दुखलं होतं. सरासरी चार पूर्णांक दोन.

मग मॅडमनी चाळिसावं कार्ड मागितलं. शेवटचा चौकोन कोरा. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: हा दिवस मला मिळाला नाही. मॅडमनी वरचंही वाचलं, मोठ्याने. गोळीनंतर तासाने चक्कर. सहा तारखेला, नऊला, चौदाला. सतराला मशीनवर असताना चक्कर, सुई बोटात गेली.

मी म्हटलं, एकटीचीच तक्रार आहे. मॅडमनी तिथूनच फोन लावायला घेतले. पहिल्या दहांत सहा जणींना चक्कर येत होती. एक जिन्यात बसून राहिली होती, कडेवर बाळ. सांगितलं का नाही, असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. कार्डावर जागा नव्हती.

गोळी आज चार वाजता बंद झाली. मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर निदान रात्री जेवण गेलं असतं.

९ जुलै
डोस कमी करून, एथिक्स समितीची परवानगी मिळाली तर अभ्यास पहिल्यापासून. नवं कार्ड करायला मॅडमनी शिवणवाल्या बाईंना बोलावलं. मला वाटलं, शिष्टाचार म्हणून. त्या दीड तास बसल्या. माझं कार्ड टेबलावर पसरून म्हणाल्या, यात माया कुठे आहे. मी म्हटलं, संशोधनात माया आणून चालत नाही. सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंनी शांतपणे सांगितलं, माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. नाहीतर अंगावर घट्ट झालं की उसवून सैल करायला जागाच राहत नाही.

नव्या कार्डाला तीन बोटं समास आहे. कॉन्फरन्सला मॅडम बोलणार, बाईंना सोबत नेणार. ब्लेझर कपाटात आहे. हरकत नाही, तिकडे उकडतंच.

२ सप्टेंबर
नवा अभ्यास सुरू झाला. माझ्याकडे रोज संध्याकाळी बायकांना फोन करायचं काम. जबाबदारीचं आहे. प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे चाळीस जणी दीड तासात उरकतील.

पहिलीने आकडा सांगितला, सहा. आभार मानून ठेवणार होतो. समोर सिस्टर बसल्या होत्या, नुसतं पाहत होत्या. म्हणून विचारलं, आणखी काही. ती पस्तीस मिनिटं बोलली. दुखणं, चक्कर, तेराव्या वर्षापासूनचं सगळं. दुखतं असं आईला सांगितलं तर आई म्हणायची, सगळ्यांनाच दुखतं. समास संपला, पाठीमागे लिहिलं, मग दुसरं कार्ड घेतलं. मध्येच कधीतरी पेन थांबलं होतं, मी नुसता ऐकत होतो.

शेवटी ती म्हणाली, बरं झालं तुम्हाला घेतलं. आधी एक जण होते, आकडा मिळाला की पाठ फिरवायचे. तुम्ही नवीन आहात का.

हो म्हणालो.