काट्यावरचा आकडा

अहो,

उठल्यावर कॅम्पर गाडी दारात दिसली नाही म्हणून आरडाओरडा करू नका. मीच ती टायरवाल्याकडे नेली आहे. चहा थर्मासमध्ये आहे.

काल तुम्ही कॉम्प्रेसर लावून चारही चाकांत हवा भरलीत आणि "पासष्ट, एकदम बरोबर" म्हणालात. सकाळी टायर थंड असताना मी सहज पुन्हा हवेचा काटा पाहिला. एकात पासष्ट, दोनांत पन्नासच्या आसपास आणि मागच्या डाव्यात चक्क अठ्ठ्याऐंशी! मला आधी मशीनचीच शंका आली, म्हणून शेजाऱ्यांचा काटा आणून लावला. तेच आकडे. सगळी हवा सारखी केली आहे, पण त्या डाव्या टायरला फुगा आलाय का, ते दाखवून आणते.

पेपर मला मोठ्यानं का वाचायला लावता, तेही आज कळलं. कधीपासून, ते विचारत नाही.

तीस वर्षं बस चालवलीत, एक ओरखडा नाही. ते कुणी काढून घेत नाही. पण उद्या लेकीकडे जाताना गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसून चुका काढा, तशाही काढताच. कॉम्प्रेसर बरोबर घेतलाय. प्रवासात रोज सकाळी नळी तुम्ही लावायची, आकडा मी वाचीन. परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, त्यात वाद नको.

लेकीला फोनवर सांगितलंय, आईला या वयात गाडी चालवायची हौस आली आहे, कुणाचं ऐकत नाही. तुम्हीही तेच सांगा. जरा वैतागून सांगा, म्हणजे तिला खरं वाटेल.