दादाच्या घड्याळाची चावी

मी, घड्याळे दुरुस्त करणारा, दुकानाच्या वरच्या खोलीत एकटा राहणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या इच्छेने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हात ठिकाणावर नाहीत, म्हणून अक्षराला कुणी हसू नये. आजार बरा होणारा नाही, हे मला स्पष्ट सांगितले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

दुकान आणि वरची खोली माझ्या स्वकष्टाची आहेत. दोन्ही माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला, मिळावीत. तिने विकली तरी हरकत नाही. मोरीचा नळ गळतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. आयुष्यभर लोकांची घड्याळे पाणबंद केली, तो नळ काही जमला नाही.

बँकेतली शिल्लक दादाच्या औषधपाण्यासाठी आहे. पुतणीने ती आपल्या मताने खर्च करावी.

माझ्या आतेभावाला एक रबरी रिंग द्यावी. ती टेबलाच्या खणात, पाकिटात आहे. दादा निवृत्त झाला तेव्हा याने त्याला पाणबुड्यांचे घड्याळ भेट दिले, अस्सल म्हणून. तबकडीवर दोनशे मीटर छापले होते. दादाने नुसते हात धुतले आणि काचेला आतून वाफ धरली. मी मागचे झाकण उघडले, तर खालची रिंग तुटकी. आतेभाऊ म्हणाला, घड्याळ बघायचं असतं, बुडवायचं नसतं. ही तीच रिंग. त्याने जपून ठेवावी.

मी सगळ्या रिंगा बदलल्या, ग्रीस लावले, हवेच्या दाबावर तपासले. तेव्हापासून ते नकली घड्याळ दादाबरोबर रोज सकाळी पोहण्याच्या तलावात उतरते. घड्याळात आता खोट नाही. दादाची आठवण तेवढी झिरपून चालली आहे.

नोकरीभर त्याने आमच्या वडिलांचे घड्याळ वापरले. त्याला रोज चावी द्यावी लागे. बाकी पुष्कळ विसरला, बोटे ते विसरली नाहीत. काठावर तो याही घड्याळाची चावी, म्हणजे बाजूची आट्यांची फिरकी, उघडतो, वेढे देतो आणि ती तशीच उघडी ठेवून पाण्याकडे निघतो. अशाने अस्सल घड्याळातही पाणी शिरेल. मी चावी चिकटवून पाहिली; नख तुटेपर्यंत तो ओढत राहिला. घड्याळ काढून ठेवले, तर कपडे उतरवेना. म्हणून रोज मी काठावर उभा राहतो आणि तो उतरण्याआधी चावी घट्ट करतो.

गेल्या हिवाळ्यात मी इस्पितळात होतो. चावी उघडी राहिली, पाणी शिरले, काटे थांबले. घड्याळाच्या बाहेरच्या कड्यावर लावलेल्या खुणेशी काटा आला की दादा बाहेर येतो. काटा येईना. तो पोहत राहिला. श्रवणयंत्र काठावर काढून ठेवलेले, शिट्टी कुठून ऐकू येणार? शेवटी तलावावरच्या जीवरक्षकाने उडी मारून त्याला ओढून काढले. ओठ निळे पडले होते. दादा उलट त्याच्यावरच रागावला.

"वेळ कुठे झाली होती?"

चावीचे हे काम माझ्यामागे कुणाकडे द्यावे, यासाठीच खरे म्हणजे हा कागद आहे. जीवरक्षक तयार आहे, पण त्याचे कंत्राट संपत आले आहे. पुतणी दादाला आपल्याकडे नेणार आहे. पोहणे बंद. ती म्हणाली, "काका, तुम्ही काठावर उभे असता. मी ऑफिसात असते." पाण्याबाहेर दादाला शर्टाची बटणे लावता येत नाहीत. पाण्यात त्याला अजून सगळे येते. त्याला पोहू द्यावे, असे कलम घालता येईल का, हे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, वस्तू देता येते, सवय कुणाच्या नावावर करता येत नाही.

तेव्हा ही नुसती विनंती. पोरी, सुट्टीच्या दिवशी तरी त्याला तलावावर ने. चावी आत दाबून अडेपर्यंत फिरवायची, जोर करायचा नाही. नंतर घड्याळ साध्या पाण्याने धुवायचे, गरम पाण्याखाली धरायचे नाही. हत्यारे, रिंगांचा डबा आणि ग्रीस तुला देतो. तू घेशील असे वाटत नाही.

वरील मजकूर वकिलांनी वाचून दाखवला तेव्हा दादा समोर बसला होता. सही करण्याआधी एवढे वाढवतो. सगळे ऐकून त्याने विचारले, "तू कुठे निघालास?"

"कुठे नाही. इथेच आहे."

"मग उद्या ये तलावावर."

त्याने मनगट पुढे केले. चावी उघडी होती. माझी बोटे घसरली. पुन्हा घसरली. साक्षीला आलेल्या जीवरक्षकाने ती घट्ट केली.

साक्षीदार: तलावावरचा जीवरक्षक (सही)
साक्षीदार: माझे डॉक्टर (सही)
आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली. सहीला वेळ लागला.

ठिकाण: दुकानाच्या वरची खोली
दिनांक: सोमवार, तलाव बंद असतो तो दिवस
सही: माझी. वेगळी दिसली तरी माझीच.