उकंडराव यांच्या नावे आलेल्या पोलीस भरतीच्या पुस्तकांबाबत

प्रति,
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी,
बुलढाणा.

अर्जदार : उकंडराव, वय ६८, धंदा शेती, मौजे भोसरवाडी, ता. मेहकर

विषय : गावच्या वाचनालयाची 'मागाल ते पुस्तक' ही मोबाईल सेवा तात्काळ बंद करण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या मोबाईलवर आलेले, त्याने न मागवलेले संदेश.

महोदय,

१. अर्जदाराने हयातीत वाचनालयाची पायरी चढलेली नाही. असे असताना गेल्या महिन्यात संध्याकाळी पारावर चार माणसांत बसला असता त्याचा मोबाईल वाजला. चष्मा घरी राहिल्याने त्याने तो शेतशेजारी हिंमतरावांकडे वाचायला दिला, ही चूक झाली. 'प्रिय वाचक उकंडराव, पोलीस भरतीचे पुस्तक उद्या परत करावे. तयारीसाठी शुभेच्छा.' त्यावर हिंमतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "काऊन बे उकंड्या, आता म्हातारपणी फौजदार होऊन राह्यला का?" तेव्हापासून गावातली पोरेसोरे अर्जदाराला सलाम ठोकतात.

२. वाचनालय सांभाळणाऱ्या मंजुश्रीताईंनी दिलेली माहिती अशी, की मोबाईलवरून पुस्तक मागायचे आणि मोबाईलवर आलेला नंबर दाराबाहेरच्या कपाटावर दाबायचा, की कपाट उघडते. नेणाऱ्याचे तोंड कोणी पाहत नाही. "आबाजी, मागणी तुमच्याच मोबाईलवरून आली हाये. मशीन खोटं कायले बोलन?" असे त्या म्हणाल्या. अर्जदाराचा मशीनवर काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे घरात मोबाईल एक आणि माणसे पाच. वाचणारा कोण, हे मशीनला काय कळणार? शिवाय हिंमतरावांशी अर्जदाराचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद आहे. आज ते अर्जदाराच्या नावावर पुस्तक उचलतात, उद्या शेत उचलतील. सबब ही सेवा बंद करून हिंमतरावांची चौकशी व्हावी.

३. येथवर लिहून, अर्जावर तिकीट चिकटवून झाल्यावर पुन्हा एक पुस्तक कपाटात ठेवल्याचा संदेश आला. चोर हाती सापडावा म्हणून अर्जदार मोबाईल नेहमीप्रमाणे घरी चार्जिंगला ठेवून भर दुपारी कपाटासमोरच्या चिंचेआड उभा राहिला. हिंमतराव आले नाहीत. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन अर्जदाराची सून राखी आली. तिने इकडेतिकडे पाहिले, नंबर दाबला, पुस्तक काढले आणि ज्वारीच्या पिठात खुपसून डबा पुन्हा डोक्यावर घेतला. अर्जदार चिंचेआडून बाहेर आला नाही.

४. अर्जदाराच्या घरी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. जे काय सांगायचे ते सासू मनकर्णाबाईंमार्फत, आणि मनकर्णाबाईंना पोलीस म्हटले की घाम फुटतो. दुपारी मोबाईल चार्जिंगला चुलीजवळ असतो, तेवढीच पोरीची संधी. भल्या पहाटे म्हशीकडे जाते असे सांगून ती धुऱ्याने पळत जाते, याचाही उलगडा आता झाला. अर्जदाराला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट, पीठ चाळताना पुस्तक मनकर्णाबाईंच्या हाती लागू नये, म्हणून जीव टांगणीला लागला.

५. तिकीट वाया जाऊ नये म्हणून अर्ज बदललेला नाही. विषय मात्र उलटा वाचावा. सेवा बंद करू नये. परतीची आठवण संध्याकाळी न देता दुपारी द्यावी. गणिताचे नवे पुस्तक अर्जदाराने मंजुश्रीताईंकडे स्वतः जाऊन मागितले आहे. ते मशीननेच सुचवले, असे राखीला वाटले पाहिजे. या अर्जाचे उत्तर मोबाईलवर न देता टपालाने द्यावे.

६. हिंमतरावांची चौकशी करू नये. ते अजून रोज पारावर विचारतात, आणि चार माणसांत अर्जदार त्यांना सांगतो, "हाव, भरतीचाच अभ्यास करून राह्यलो." पोरीचा निकाल लागेपर्यंत आपल्या कार्यालयानेही हेच सांगावे, ही विनंती.

आपला नम्र, मशीनवर अजूनही भरवसा नसलेला,

(सही)
उकंडराव
दि. ११ ऑगस्ट २०२५