कड्यावरचं पाद्र्याचं घर

प्रिय लायनेल,

काल सकाळी कडा ढासळला आणि आपली लहानपणीची खोली समुद्रात गेली. मी चहा ओतत होते. भिंतीपलीकडे कुणी विटांची गाडी रिती केल्यासारखं वाटलं. दार उघडलं, तर समोर नुसतं आभाळ.

आई म्हणायची, हे घर तीन पाद्र्यांनी तीनदा बांधलं. मागचा ओकच्या तुळयांचा, मातीने लिंपलेला भाग सगळ्यात जुना. पुढची विटांची भिंत आणि उंच खिडक्या एका हौशी पाद्र्याने जमीनदाराशी बरोबरी करायला चढवल्या. आणि पोरंबाळं घरात मावेनात म्हणून तिसऱ्याने बाजूला खोल्या काढल्या. शेवटी बांधलेलं आधी गेलं. आता बोळातल्या फरशीला माझा हात जाईल एवढी भेग पडलीय.

चर्च बंद पडून हे घर विकायला निघालं, तेव्हा इथले शेवटचे पाद्री म्हणून बाबांनी हट्टाने ते घेतलं. तोच हट्ट अजून आहे. शुक्रवारी घर पाडणार, असं कौन्सिलचे पेटिफर सांगून गेले. बाबा अभ्यासिकेत पायांवर घोंगडी घेऊन बसले होते. "तुमच्या आधी समुद्र येऊन गेला," ते म्हणाले, "त्यालाही मी नाहीच म्हटलंय." पेटिफर हसले नाहीत. पोलिसांना घेऊन येईन म्हणाले. मी बाबांची बॅग भरते, ते रिकामी करतात. विनवण्या झाल्या, भांडण झालं. वारा सुटला की मी जेवता जेवता उठते आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहते. उभी राहून काय करणार, ते मला ठाऊक नाही.

आज दुपारी मात्र माझा तोल सुटला. दगडमातीसाठी जीव देणार का, असं ओरडले त्यांच्यावर. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. "लायनेल इथून रागावून गेला," म्हणाले. "घरच राहिलं नाही, तर पोरगा परत येणार कुठे?"

मार्जरी घटस्फोटित म्हणून त्यांनी तुमचं लग्न लावलं नाही, हे मी विसरले नाही. तुला त्यांना माफ करायला सांगत नाही. त्यांच्याकडून माफीची वाटही पाहू नकोस, तेवढा वेळ उरला नाही. शुक्रवारच्या आत ये. अंगणात उभा राहून त्यांना एक हाक मार. ते बाहेर येतील.

तुझीच,
एनिड