योएल्वीच्या बदल्यात जनरेटर

कान्यो प्रिएतो,
मंगळवार, दुपारी जेवणानंतर (झोप येत नाही म्हणून)

आदरणीय कोम्पाद्रे विर्हिलिओ,

देव आपल्याला आणि आपल्या घरच्या सगळ्यांना सुखात ठेवो. आपला डावा गुडघा, कोमाद्रे निदियावहिनींची साखर आणि आपली तपकिरी घोडी यांची प्रकृती कशी आहे ते जरूर कळवावे. (घोडी व्याली असल्यास शिंगराचा रंग कोणता तेही लिहावे. इथे त्यावर पैजा लागल्या आहेत आणि लोक मला विचारून हैराण करतात.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे कुणी आजारी नाही, एवढंच. एर्सिलियाने, म्हणजे घरच्या मालकिणीने, माझ्याशी बोलणं टाकलंय. सकाळी मांगूचं, उकडून कुस्करलेल्या केळ्यांचं, ताट समोर ठेवते, वर अंडंही असतं, पण ताट असं आदळते की अंड्याला धडकी भरावी. का आदळते ते पुढे येईलच. उत्तराला इतका उशीर झाला याबद्दल राग मानू नये. कान्यो प्रिएतो बेसबॉल क्लबचा अध्यक्ष या नात्याने मला जे लिहायचंय ते साधं नाही, आणि योएल्वीचा बाप या नात्याने तर त्याहून नाही.

आपण त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून माझ्या ओट्यावर बसलात, कॉफी घेतलीत, पावसापाण्याचं बोललात, आणि मग टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणालात की आपल्या लोस लिमोनेसच्या संघाला दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा शॉर्टस्टॉप हवाय, आणि योएल्वी दिलात तर बदल्यात आमचा कॅचर बुर्रो आणि वर मैदानाचे दिवे चालवणारा एक जनरेटर देतो. मी कपात आणखी साखर ढवळत बसलो, कोम्पाद्रे. आता तोंडावर 'नाही' म्हणायचं कसं? ज्याने आपलं लेकरू बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं त्याला 'नाही' म्हणणं आपल्या मुलखात कुणाला जमलंय? माझ्या आज्याकडे त्याच्या कोम्पाद्रेने एकदा दुभती गाय मागितली. आज्याने दिली. मग मरेपर्यंत दर पंधरवड्याला तो गायीला भेटायला म्हणून तीन कोस चालत जायचा आणि कोम्पाद्रेला सांगायचा की इकडे सहजच आलो होतो. आम्ही त्याच रक्ताचे. म्हणून मी भित्र्यासारखं म्हणालो की कमिटीला विचारतो. आपण म्हणालात, "हो हो, कमिटीला विचारा, घाई नाही." आणि आपल्यालाही माहीत होतं की आमच्या कमिटीला काही विचारणं म्हणजे काय असतं.

आमची पाच जणांची कमिटी बसली दोन्या सेलेनियांच्या दुकानापुढे, नेहमीसारखी डॉमिनोच्या टेबलाभोवती. (दोन्या सेलेनिया, म्हणजे आमच्या सेलेनियाबाई, क्लबच्या उपाध्यक्ष. दुकान त्यांचं, बर्फ त्यांचा, टेबल त्यांचं, त्यामुळे मतही जरा वजनदार.) त्यांनी सुरुवातच केली, "अनिसेतो, तुमचं पोरगं गुणाचं आहे, कोण नाही म्हणतंय? पण ते गुण बघायला उजेड नको? आपल्याकडे वीज येते पाहुण्यासारखी आणि जाते जावयासारखी रुसून. सहा वाजले की चेंडू दिसत नाही, आणि मग जो पुढे असेल तो जिंकला. म्हणून मग पुढे असलेला संघ बुटाच्या नाड्या बांधत बसतो." हे खरं आहे. गेल्या मोसमात आमचा पिचर एका डावात इतक्यांदा नाडी बांधायला बसला की अंपायरने त्याला चपला घालून ये म्हणून सांगितलं.

त्यावर चिची उसळला. (चिची म्हणजे व्हॅन चालवणारा. क्लबला तोच गावोगाव नेतो, म्हणून त्याला कमिटीत घ्यावं लागलं.) म्हणाला, "आणि तो बुर्रो? त्याच्या गुडघ्यांचा आवाज पिचरला ऐकू येतो! एकदा खाली बसला की उठवायला दोन माणसं लागतात. ते पोरगं कुठं, हे नावाचंच गाढव कुठं!" मग शाळेचे मास्तर पिचार्दो उभे राहिले. मास्तर उभे राहिले की आम्ही बाटल्या खाली ठेवतो, कारण वेळ लागतो. ते म्हणाले की माणसाच्या बदल्यात यंत्र घेणं ही गोष्ट या बेटाने एकदा भोगली आहे, आपल्या पणज्या-खापरपणज्यांना उसाच्या मळ्यात असंच तोलून-मापून घेतलं होतं, आणि त्यांच्या रक्ताचे आपण आज हेच करणार असू तर धिक्कार असो. तेवढ्यात दोन्या सेलेनिया म्हणाल्या, "बसा मास्तर, बसा. गेल्या वर्षी पोतंभर बॅटींसाठी डावखुरा फील्डर कुणी दिला होता? बॅटी मोजून कुणी घेतल्या?" मास्तर बसले. पण कोम्पाद्रे, त्यांचं ते बोलणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

खरी गोष्ट चिचीनेच शेवटी काढली. तो म्हणाला की लोस लिमोनेसला मैदानाशेजारी बसायला पक्की गॅलरी आहे, पक्का रस्ता आहे, आणि त्या गॅलरीत उत्तरेहून, अमेरिकेहून आलेले मोठ्या संघांचे लोक बसतात, पोरं पारखतात, उचलून नेतात. इथं कोण येतं पारखायला? गायी. पावसात तर गायीही येत नाहीत. मास्तर म्हणाले, पण नाव होईल ते कुणाचं? टोपीवर लिंबू असेल, लिंबू! (आपल्या संघाच्या लिंबाचा अनादर करण्याचा त्यांचा हेतू नव्हता, असं मी इथे लिहितो, पण होता.) आणि या सगळ्या वेळात योएल्वी तिथेच, दुकानाच्या पायरीवर, दोन्या सेलेनियांच्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेला. त्याच्या हाताबद्दल, पायांबद्दल, तो डावीकडे किती पटकन वळतो नि बाहेर जाणाऱ्या चेंडूवर कसा फसतो याबद्दल आम्ही तास-दीड तास त्याच्यासमोर वाद घातला. बैलबाजारात बैलाला तरी कुणी थोपटतं. त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, मीसुद्धा नाही. शेंगा संपल्यावर त्याने सालं गोळा करून कोंबड्यांना टाकली.

निर्णय होईना, तेव्हा ठरलं की जनरेटर आधी बघू. आपण उदार मनाने तो दुसऱ्याच दिवशी ट्रकवर घालून पाठवलात, त्याबद्दल क्लबतर्फे मनःपूर्वक आभार. संध्याकाळी मळ्यातल्या मुकादमांच्या संघाशी सामना ठेवला. जनरेटर सुरू झाला आणि गावात आरोळी उठली. पण आमचे लोक आपल्याला ठाऊक आहेत. दोन्या सेलेनियांनी "जरा मासे खराब होऊ नयेत एवढ्यापुरतं" म्हणून फ्रीजरची वायर आणली. मग केस वाळवणारी आली, तिच्याकडे शनिवारच्या लग्नाच्या करवल्या बसल्या होत्या. मग फादरनी जपमाळेच्या प्रार्थनेचा कर्णा जोडला. मैदानावरचे दिवे इतके मंद झाले की अंपायर चेंडू हातात घेऊन तपासायला लागला. मी स्वतः घरोघर जाऊन वायरी उपसल्या आणि शिव्या खाल्ल्या (फादरनी दिल्या नाहीत, पण कर्ण्यावरून माझ्यासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन). तेव्हा कुठे उजेड पडला.

आणि त्या उजेडात ते झालं. मुकादमांच्या एका धिप्पाड गड्याने चेंडू सणसणीत मारला, दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधून. आमचं मैदान खडकाळ, चेंडू दगडावर आपटून भलतीकडेच उडाला. योएल्वी एका बाजूला निघाला होता, हवेतच वळला, उघड्या हाताने चेंडू धरला, आणि पडल्या पडल्या गुडघ्यावरून पहिल्या बेसकडे फेकला. गडी बाद! कोम्पाद्रे, मी त्या पोराला रांगायला लागल्यापासून खेळताना बघतोय, पण नेहमी उन्हात, डोळे बारीक करून, आणि शेवटचे डाव तर अंदाजाने. तो इतका चांगला आहे हे मला माहीतच नव्हतं. कुणालाच नव्हतं. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी आपलं त्या रविवारचं बोलणं आठवलं. दोन्या सेलेनियांनी एप्रनला नाक पुसलं आणि म्हणाल्या, "जळो मेलं ते यंत्र! अंधारात होतो तेच बरं होतं. आता हा कसा सोडायचा?"

मग मतदान. आमच्याकडे हात वर करून मतदान होत नाही, कारण कमिटीत प्रत्येकजण प्रत्येकाचा कोम्पाद्रे आहे आणि समोरासमोर विरोधात हात वर केला तर नाताळचं डुक्कर कुणाबरोबर भाजायचं हा प्रश्न पडतो. म्हणून टोपीत डॉमिनोच्या सोंगट्या टाकतात: सम ठिपक्यांची सोंगटी म्हणजे द्यावा, विषम म्हणजे ठेवावा. टोपी उलटी केली तर दोन सम, दोन विषम आणि एक पूर्ण कोरी. मास्तर म्हणाले, शून्य हीसुद्धा सम संख्या असते. चिची म्हणाला, शून्य म्हणजे काहीच नसतं, काहीच नसलेलं सम कसं असेल? यावर इतकं भांडण झालं की योएल्वीचं नावच मागे पडलं. शेवटी दोन्या सेलेनियांनी विचारलं की ही कोरी सोंगटी टाकणारा नामर्द कोण? मी मान्य केलं की मी. घरी ही बातमी माझ्या आधी पोचली. एर्सिलिया एवढंच म्हणाली, "स्वतःच्या पोराबद्दल मत विचारलं, तर ह्या माणसाकडे कोरी पाटी! आणि मुळात घरातल्या गोष्टीचं मतदान कसलं घेता?" तेव्हापासून ताट आदळतंय.

सबब, अध्यक्षाने निर्णायक मत द्यावं असं ठरलं आणि मी ते दिलं. कान्यो प्रिएतो क्लब आपला शॉर्टस्टॉप कोणत्याही कॅचरच्या, जनरेटरच्या किंवा अन्य वस्तूच्या बदल्यात देऊ इच्छित नाही. हा निर्णय अंतिम आहे. लोकांनी टाळ्या पिटल्या आणि पोराला खांद्यावर घेतलं. आपल्या मैत्रीत याने तसूभर अंतर पडू नये ही नम्र विनंती. कोमाद्रेंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला नेहमीचाच,
अनिसेतो पोलांको
अध्यक्ष

ता. क. जनरेटर ताबडतोब परत पाठवायला हवा हे मी जाणतो. पण त्याला सध्या पुन्हा फ्रीजर जोडलेला आहे आणि त्यात गावजत्रेचे मासे आहेत. जत्रा होईपर्यंत कळ काढावी. बुर्रोला मात्र पाठवू नये. तो परवा आपणहून चिचीच्या व्हॅनमध्ये बसून आला, जेवला, आणि त्याला उठवून परत पाठवताना आमचे चार खेळाडू दमले.

आणखी ता. क. वरचं पत्र काल संध्याकाळी कमिटीसमोर वाचून दाखवलं आहे. हे पुढचं दाखवलेलं नाही. विर्हिलिओ, त्या दिवशी खांद्यावरून उतरल्यावर योएल्वीने सगळ्यांचे आभार मानले, माझ्याकडे रोजच्यासारखा आशीर्वाद मागितला, मी दिला. मग तो डबा घेऊन मैदानावर गेला आणि आपल्या जागेवरचे खडे वेचायला लागला. एकेक खडा उचलून डब्यात. आनंद झालेला माणूस असा खडे वेचत नाही. आपल्याला जन्मभर तिथेच उभं राहायचंय असं ठरल्यावर माणूस जे करतो, ते तो करत होता. मी कुंपणाशी उभा राहून बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्याला तुमच्याकडे न्या. पण माझ्याकडून 'जा' म्हणवणार नाही, जीभ रेटत नाही. आणि जनरेटर घेऊन तर नाहीच नाही. उद्या तो मोठा झाला, आणि त्याने मला विचारलं की पप्पा, मला कशाच्या बदल्यात दिलंत, तर मी काय सांगू? मासे ताजे राहिले म्हणून? तेव्हा माझं एक ऐका. येत्या रविवारी मिस्सेनंतर या. दारात, सगळ्यांच्या देखत, क्लबचे अध्यक्ष म्हणून नको, त्याचे धर्मपिता म्हणून मागा. म्हणा, हे लेकरू मी हातावर घेतलं होतं, आता मला माझ्याजवळ हवंय. मग मला 'नाही' म्हणता येणार नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, कमिटी चूप बसेल, आणि पोराला वाटेल की तुम्ही मागून नेला, बापाने देऊन टाकला नाही. एर्सिलियाला मी हे सांगितलेलं नाही, पण तिने काल त्याचे सदरे इस्त्री करून एकावर एक ठेवलेत, आणि आज सकाळी ताट हळू ठेवलं.

(जत्रेनंतर तुम्हाला आमच्या चर्चला एखादा जनरेटर दान द्यावासा वाटलाच, तर तो अगदी निराळा विषय. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही.)

शेवटचं. रविवारी तुम्ही मागाल तेव्हा मी आधी 'नाही' म्हणेन, थोडा आरडाओरडाही करेन, काही वाईटसाईट बोलेन. मनावर घेऊ नका आणि परत जाऊ नका. टोपी गुडघ्यावर ठेवून तसेच बसून राहा. तेवढा वेळ तरी मला त्याला ठेवून घेऊ द्या.