कॅमेऱ्याखालची खुर्ची

बाई, तुम्ही आज असतात तर परवा मी जे केलं त्याबद्दल मला पुन्हा हातांवर बसवलं असतं. आपल्या बहिऱ्यांच्या शाळेत, वर्गात कोणी खुणा करताना दिसलं की तुम्ही त्याचे दोन्ही हात मांडीखाली दाबायला लावायचात, आणि तास संपेपर्यंत तो तसाच. अजूनही दवाखान्यात नंबरची वाट बघताना माझे हात आपोआप मांडीखाली जातात. आता मी बहात्तरचा आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजतही नाही. तेव्हा तुमच्यापुढे बोलायची हिंमत नव्हती, आणि बोलणार कशाने? हात तर खाली होते.

आधी सध्या काय करतो ते सांगतो. डोंबिवलीतल्या एका केबल चॅनेलने आठवड्यातून एकदा बहिऱ्यांसाठी बातम्या द्यायचं ठरवलंय. कोपऱ्यातल्या चौकटीत हात हलवणारं माणूस नाही, पूर्ण पडद्यावर बहिरी मुलंच बातम्या सांगणार. तुम्ही ज्याला माकडचाळे म्हणायचात त्याला आता सांकेतिक भाषा म्हणतात, आणि ती शिकवायला पगार देऊन माणसं ठेवतात. चार मुलांना तयार करायचं काम एका बाईंकडे आहे. त्यांना ऐकू येतं, पण त्यांचे आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे त्यांच्या खुणा आमच्या घरातल्यासारख्या. मुलं हुशार, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की दोन वाक्यांत गळपटायची. कारण साधं आहे. आम्ही बोलतो ते समोरच्याचा चेहरा बघत. त्याच्या कपाळाला आठी पडली की थांबतो, फोड करून सांगतो. कॅमेऱ्याच्या काचेला कपाळ कुठे असतं?

म्हणून त्या बाई ठाकुर्लीला माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "काका, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली एक खुर्ची ठेवणार आहे. तुम्ही तिथे बसायचं आणि बघायचं. कळलं तर मान हलवायची, नाही कळलं तर नाही." मी म्हटलं, मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, मला कसले बातम्यांच्या कामात घेता? त्या हसल्या. "शिकलेली माणसं आधीच पेपर वाचून येतात, काका. मला तुम्हीच हवे आहात."

तेव्हापासून मी जातो. जाताना तीनदा गॅस बघतो, चारदा कुलूप ओढतो. तिथे बसल्यावर वेगळीच काळजी, आपली खुर्ची वाजत तर नाही ना. मला कसं कळणार? त्या बाईंना इतक्यांदा विचारलं की शेवटी त्यांनी खुर्चीच्या पायांना चिंध्या बांधून दिल्या.

परवा त्या चौघांतल्या मुलीची चाचणी होती. टिटवाळ्याहून येते ती, चोवीस वर्षांची. घरी आईला आणि धाकट्या भावाला तिच्या पगाराची वाट आहे. चाचणी पास झाली तर कार्यक्रम तिचा. कार्यक्रमाचे साहेब स्वतः आले होते. तरुण, नीटनेटके, वाईट म्हणवणार नाही असे. त्यांनी आधीच सांगून ठेवलं, ते त्या बाईंनी आम्हाला खुणांनी सांगितलं : "चेहरा प्रसन्न ठेवायचा. तोंड वेडंवाकडं करायचं नाही. घराघरात बघतात, बाकीच्यांना विचित्र वाटतं."

बाई, खरं सांगतो, क्षणभर मला तुम्हीच तिथे उभ्या दिसलात. हेच वाक्य, हाच हात वर. तुमच्या वर्गात आम्ही आरशापुढे बसून ओठ हलवायचो आणि भुवई जरी हलली तरी तुमची पट्टी टेबलावर पडायची. ती ऐकू यायची नाही, पण बाकातून पायापर्यंत पोचायची. आणि तुम्ही विचारायचात, "समजलं?" हा एक शब्द तुमच्या ओठांवर सगळ्या वर्गाला वाचता यायचा. सगळा वर्ग मान डोलवायचा. कुणाला काही समजलेलं नसायचं. पण मान डोलवली की तुम्ही पुढच्या बाकाकडे जायचात. ही एवढी एक गोष्ट मी तुमच्याकडून पक्की शिकलो. पुढे छापखान्यात मालकापुढे डोलवली, बँकेत डोलवली, लग्नाच्या बोलणीत डोलवली.

परवाही डोलवली. मुलगी उभी राहिली, गडद निळा कुडता, हातात बांगडी नाही, आणि चेहऱ्यावर ते हसू. कारखाना, आग, माणसं बाहेर, रस्ता बंद, असं भरभर सांगत गेली. मी मान हलवत होतो. माझ्या मनात चित्र असं की कुठल्यातरी कारखान्यात आगीची रंगीत तालीम आहे, बायका-माणसं रांगेने बाहेर येतायत, साहेब लोक घड्याळ लावून बघतायत. संपल्यावर साहेबांनी अंगठा दाखवला. मुलीने माझ्याकडे बघून आभार मानत दोन्ही हात छातीशी नेले. तेव्हा मी त्या बाईंना सहज विचारलं, तालीम कधी आहे? त्यांचा चेहराच उतरला. बातमीतली आग खरी होती. परिसरातल्या लोकांनी घरं सोडून बाहेर यावं अशी सूचना होती. मुलगी ती हसत हसत सांगत होती, आणि आमच्या भाषेत निम्मा अर्थ चेहऱ्यावर असतो.

आता काय करायचं ते सांगा. गप्प बसलो तर पोरीची नोकरी पक्की. माझे हात मांडीखाली गेलेलेच होते. ते बाहेर काढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. उभा राहिलो आणि साहेबांना खुणेने सांगितलं, मला नाही समजलं. त्या बाईंनी ते बोलून दाखवलं.

मुलगी माझ्यावर उसळली. "आजोबा! मान कोण हलवत होतं मघापासून? भूत?"

"खोटी हलवली."

"मग आणखी एकदा खोटी हलवायला काय जात होतं तुमचं?"

साहेब त्या बाईंकडे बघून काही बोलले. त्यांनी ते मला गाळून सांगितलं असतं, पण मी आग्रह धरला. ते म्हणाले होते, "काकांचं शिक्षण कमी आहे, त्यांचं इतकं मनावर नका घेऊ."

मी म्हटलं, हो, कमी आहे. पण आग लागली तर जळायला सातवी पास असावं लागत नाही. पेपर वाचून भागतं त्याला पेपर आहे, शेजाऱ्याची हाक ऐकू येणाऱ्याला शेजारी आहे. हा कार्यक्रम माझ्यासाठी आहे आणि मला कळला नाही. तिला तिच्या चेहऱ्याने सांगू द्या.

साहेबांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, ठीक आहे, अजून एकदा घ्या, दोन्ही वर, चॅनेलच्या मोठ्या लोकांकडे पाठवतो. मुलगी रागातच उभी राहिली. त्या रागाने हसू आपोआप गेलं. तिने आग म्हटलं तेव्हा तिचे गाल, डोळे, खांदे, सगळं आग म्हणालं. बाहेर पडा म्हटलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

तुमचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणत नाही. खोपटच्या छापखान्यात तुम्हीच मला हाताला धरून नेलंत. तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता मी मराठी शिकलो, म्हणून आज हे लिहितोय. आणि एका रविवारी तुम्ही मला तुमच्या घरी बोलावलं होतंत, माझा हात तुमच्या गळ्यावर ठेवून "आई" म्हणायला शिकवायला. मी स्वयंपाकघरात पोहे खात होतो. आतल्या खोलीत तुमचे यजमान झोपलेले. त्यांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत, मग पातेल्याकडे हात केलात आणि भुवया उंचावून मला विचारलंत, अजून? मी बोटांनी दाखवलं, थोडे. तुम्ही वाढलेत. आयुष्यात तेवढी एकदाच आपल्या दोघांत एकही गोष्ट समजायची राहिली नाही. त्यात तुमचे हात होते, बाई, आणि तुमचा चेहराही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच हातांत पट्टी होती. तुम्ही चुकलात. हे मला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं.

हे पत्र कुठे टाकणार नाही. काल संध्याकाळी त्या टिटवाळ्याच्या मुलीचा मोबाइलवर निरोप आला : निवड झाली, सोमवारपासून सुरू, तुम्ही या. दोन्हींपैकी कुठली चाचणी बघून निवडलं, हसणारी की दुसरी, ते तिने लिहिलेलं नाही. सोमवारी मी जाणार आहे, आणि कळलं नाही तर नाहीच म्हणणार आहे, मग कोणीही समोर असो. पण कुठली निवडली, हे विचारायचा धीर मला कालपासून झालेला नाही.